कोमट पाणी

अण्णांना शेवटची आंघोळ घालायला स्मिताने नळ सोडला आणि तिचा हात धारेखालीच थांबला.

पाणी कोमट होतं.

गच्चीवरचा हीट पंप दोन दिवस बिघडलेला होता. पंखा फिरायचा, पाणी मात्र गारच. म्हणून तिचे वडील, वासुदेवअण्णा, आज सकाळी त्याचं झाकण उघडायला वर चढले, आणि विजेचा धक्का बसून तिथेच संपले. सात वीसला स्मिता महादेवपुऱ्याहून पोचली, तेव्हा पंपाच्या जाळीतला कचरा काढून बाजूला नीट ढीग केलेला होता. पंप सुरू होता. त्याच्या पडद्यावरचे आकडे तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते: ००:३१. तिने धावत जाऊन जिन्यातला खटका पाडला होता.

गच्चीवर काम असलं, की अण्णा खटका पाडून त्याच्या पेटीवर आपली कानटोपी अडकवत. टोपी आहे तोवर कुणी हात लावायचा नाही. आज टोपी खाली चपलांच्या रॅकवर सापडली.

आणि ठकुबाई, तीस वर्षं या घरात राबलेली, सकाळपासून पोलीस ठाण्यात बसली होती. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूने, अभिराजने, तिच्याविरुद्ध जबाब दिला होता.

स्मिताने नळ बंद केला. "थोडं थांबा," ती जमलेल्यांना म्हणाली आणि जिना चढली.

सबइन्स्पेक्टर हयवदन जबाबावर सही घ्यायला अभिराजच्या दारात उभाच होता.

"पुन्हा तुम्ही?" अभिराज म्हणाला. पुण्याहून येऊन त्याला या कानडी शहरात चार वर्षं झाली होती. "ताई, दुःखात आहात म्हणून ऐकून घेतोय."

"नका घेऊ. उत्तरं द्या. ठकुअक्का तुम्हाला किती वाजता भेटली?"

"सहा चाळीस. जिन्यात. अण्णा कुठेत विचारलं, तर म्हणाली ते मेले. प्रेत सापडायच्या आधी हिला कसं कळलं? बोला!"

"हेच त्यांनी मला हिंदीत सांगितलं," हयवदन म्हणाला. "मर गए. मी तसंच लिहिलंय."

"ऐकून तुम्ही काय केलंत?" स्मिताने विचारलं.

"काय करणार? सुन्न झालो. खोलीत बसून राहिलो."

"मी ओरडले तेव्हा टॉवेल खांद्यावर घेऊन वर आलात. केस कोरडे होते."

"आता केसांचाही हिशेब देऊ?"

त्याचा फोन वाजला. त्याने वैतागून कानाला लावला. "हां, मेले बा, मेले! सेकंड फ्लोअर. पार्सल दाराशी ठेव." फोन खिशात गेला. "झालं तुमचं?"

"एकच राहिलं. ठकुअक्का तुमच्याशी मराठीत बोलली ना? तिचे शब्द सांगा. जसेच्या तसे."

"'अण्णा मेले हाईत.' बापाबद्दल हेच ऐकायला आला होतात?"

हयवदनने कागदावरून मान वर केली. "मेले?"

"हो सर. तुमच्या कानडीतलं मेले," स्मिता म्हणाली. "वर. आमच्या जुन्या चामराजपेटी मराठीत 'वर' कुणी म्हणतच नाही. अण्णा रोज सकाळी मेले असायचे, तुळशीला पाणी घालायला. अण्णा गच्चीवर आहेत, एवढंच तिने सांगितलं. हिंदीत जाताना तो शब्द मेला."

"मला कुठे येतं कानडी?" अभिराज म्हणाला. "मला जे ऐकू आलं ते—"

"आत्ता पार्सलवाल्याला काय म्हणालात? मेले बा. वर ये."

त्याने दार लोटायला घेतलं. स्मिताने ते हाताने अडवलं.

"वीज गेली की या पंपाचं घड्याळ शून्यावर येतं आणि वीज आली की तिथून चालू लागतं. अण्णा रोज त्याला शिव्या द्यायचे. सात वीसला मी एकतीस मिनिटं पाहिली. म्हणजे खटका सहा एकोणपन्नासला चढवला. सहा अठ्ठेचाळीसला ठकुअक्काने मला कोपऱ्यावरच्या दुधाच्या बूथवरून फोन केला होता, पाकिटं दोन घेऊ की तीन? मागे बसचा हॉर्न वाजत होता. माझ्या फोनवर वेळ आहे. त्या वेळी घरात दोनच माणसं होती. एक गच्चीवर. आणि ठकुअक्का अण्णांची टोपी चपलांवर ठेवील? तिने ती कधी पायरीवरसुद्धा ठेवली नाही."

हयवदनने जबाबाचा कागद दुमडला. "तू टॉवेल घेऊन पाणी तापायची वाट बघत होतास."

"दोन दिवस गार पाणी!" अभिराजचा आवाज चढला. "नऊला मीटिंग होती. आठ-नऊ मिनिटं खाली उभा राहिलो. वाटलं, झालं असेल त्यांचं."

"तीस पायऱ्या होत्या," स्मिता म्हणाली. "नाहीतर एक हाक."

"मुद्दाम नाही केलं मी!"

"खटका चुकून चढवलात. ठकुअक्काचं नाव चुकून नाही घेतलंत."

हयवदनने ठाण्यावर फोन लावला, बाईंना सोडा म्हणाला आणि अभिराजला चपला घालायला सांगितलं.

ठकुबाई आली ती थेट न्हाणीघराशी. रडली नाही. पदर खोचला, नळ सोडला, सवयीने धारेत बोटं धरली आणि स्मिताकडे वळून पाहिलं.

"स्मिताक्का, पाणी कोमट हाय. पंप सरी झाला की."

"हो," स्मिताने बादली पुढे सरकवली. "अण्णांनी केला."