इंजिन नसलेल्या ट्रकचा काटा

हे सांगायला मला लावू नका, असं चारदा म्हणलो. पण नात ऐकंल तर ना. आकांक्षानं वही पुढ्यात टाकली अन् म्हणे, लिहा आजोबा. चौथी पास माणसानं काय लिहावं? तरी लिहितो. चुकलं तर तिला बोला.

कनेरगाव नाक्याला आमच्या घरामागं माझा ट्रक दगडांवर टेकलेला हाय. एकोणतीस वर्षं चालवला. तवाच्या गाडीला ऑईलचा दाब दावणारा काटा व्हता. आता नुसता लाल दिवा देतात, म्हणजे मयत झाल्यावर निरोप धाडल्यासारखं. काटा आधी सांगतो.

तो वाचायला नासेर मिस्त्रीनं शिकवलं, दोन महिने शेजारच्या सीटवर बसून. गार इंजिनाला काटा साठावर जातो, त्यात फुगू नको. तापलं की चाळीसावर येतो, घाबरू नको. गाडी उभी अन् इंजिन चालू असंल तर वीस पुरे. वळणावर थरथरला तर तेल कमी. शून्यावर पडला तर आधी इंजिन बंद, बाकी समदं मागून. नासेर जाऊन सहा वर्षं झाली. तसा माणूस आता मिळत न्हाई.

गाडीची कागदं संपली तसं माझ्या जावयानं, प्रेमानंदनं, इंजिन उतरवून त्याच्या गावी, हट्ट्याला नेलं अन् हळद पॉलिश करायच्या ड्रमला जोडलं. केबिनमधी काटा तेवढा राहिला. इंजिनातून तेल आणणारी त्याची तांब्याची नळी खाली लोंबत व्हती, कोरडी.

मी रोज सकाळी केबिनमधी चहा पितो. गेल्या साली मार्चमधी एक दिवस बघतो तर काटा साठावर. काच ठोकली. हलला न्हाई. वाकून नळी पाहिली. टोक हवेत... अर्ध्या तासात काटा हळूहळू चाळीसावर आला. अन् केबिनमधी शिजल्या हळदीचा वास सुटला.

माझ्या पोरीला, ज्योतीला, फोन लावून सहज इचारलं, इंजिन कवा चालू केलं? म्हणली, अर्धा तास झाला.

कोणाला बोललो न्हाई. खरं सांगायचं तर बरं वाटलं. दिवसभर काट्याकडं बघत बसायचो, पुन्हा रस्त्यावर असल्यासारखं. शेजारच्या सीटकडं बघायचं तेवढं टाळायचो. ती कोणी बसल्यासारखी दबलेली दिसायची.

सोळाव्या दिवशी, भर दुपारी, काटा थरथरला. तीस. वीस. मंग एकदम शून्य.

प्रेमानंदला फोन लावला.

"इंजिन बंद कर. तेल न्हाई त्यात."

"मामा, कुठून बोलून राहिले तुमी?"

"ट्रकमधून."

तो हसला. "ट्रकात इंजिन न्हाई, मामा. उन्हात बसू नका."

त्यानं फोन ठेवला. मी ज्योतीला लावला. मागं ड्रमचा खडखडाट.

"बाई, इंजिनापासून दूर जा."

"काहून, बाबा?..."

"जा म्हणलं ना."

ती लिंबाखाली जाऊन पोचली, अन् फोनमधूनच मला आवाज आला. इंजिनाचा दांडा तुटून, लोखंड फोडून भाईर आला व्हता. ज्या जागी ती ड्रम भरत उभी व्हती, तिथून जाऊन त्यानं मागचा पत्रा फाडला.

माझं लेकरू वाचलं. अन् जावई? सांजच्याला नाक्यावर येऊन चार माणसांपुढं म्हणला, तेल मामानंच सोडलं असंल, न्हाईतर त्यांना कळलं कसं? मला ते लागलं. अजून लागतं.

इंजिन भंगारात गेलं. माझ्या डोळ्यादेखत त्याचे तुकडे केले.

काटा मात्र अजून सकाळी साठावर येतो. तापलं की चाळीस. सांजच्याला तीनदा वर उसळतो अन् मंग खाली बसतो. बंद करायच्या आधी इंजिनाला तीनदा रेस द्यायची खोड एकट्या नासेरची व्हती.

ते इंजिन कुठं चालून राहिलं, त्याच्यापाशी कोण उभं हाय, मला ठाऊक न्हाई. पण परवापासून काटा पुन्हा थरथरून राहिला. ज्योतीला सांगितलं, कोणत्याच इंजिनाजवळ जाऊ नको. ती ऐकते. तिच्या घरच्याला मात्र फोन लावणार न्हाई. आधी त्यानं माझी माफी मागावी. प्रेमानंदनं.