चुलीच्या जागी

गुरुवारी संध्याकाळी वीज गेली तेव्हा मी बोरसोक तळत होते. गॅस होता म्हणून कणकेचे तेवढे गोळे तळून निघाले. किर्गिझस्तानातल्या आमच्या काराकोलमध्ये हिवाळ्यात वीज जाणं ही काही बातमी नाही. मेणबत्ती लावली, लेकीला मांडीवर घेतलं आणि ताटाभोवती सगळे बसलो. सासरे, धाकटे दीर, नणंद. त्यांची नावं लिहीत नाही. आमच्यात सुनेनं सासरच्या माणसांची नावं घ्यायची नसतात. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते, पण तिथं शिकवलेलं घरी फारसं उपयोगी पडत नाही.

सासऱ्यांनी दुवा म्हटली. गेलेल्यांची एकेक करून नावं घेतली, शेवटी सासूबाईंचं. गुरुवारच्या तळणाचा वास गेलेल्यांना पोचतो, पण ज्याचं नाव घ्यावं त्यालाच. मग म्हणाले, "खिडकी जरा उघडी असू दे, सूनबाई."

बाळाला वारा लागेल, असं तोंडात आलं होतं. गिळलं. उघडली.

"एर्मेकचं सांगितलंय का मी तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

सासरे टॅक्सी चालवतात. एर्मेक त्यांच्या जुन्या गल्लीतला, ट्रकवर असतो. एकदा निघाला की दोन-दोन आठवडे घराबाहेर. त्याची आई बुरुलआपा सगळ्या गल्लीची आजी होती. कुणाचंही पोर दारावरून गेलं की त्याला आत ओढायची, गरम बोरसोक हातावर ठेवायची आणि कढईच्या बुडाची काजळी अंगठ्यावर घेऊन कपाळाला तीट लावायची. तिच्या अंगठ्याचं टोक लहानपणी गवत कापायच्या यंत्रात गेलेलं. त्यामुळे तीट वरून छाटल्यासारखं उठायचं. लांबूनही कळायचं, हे पोर बुरुलआपाकडे जाऊन आलंय.

एर्मेकच्या बायकोला, मीरिमला, दिवस गेले होते तेव्हाच म्हातारी गेली. नातवाचं तोंड पाहायचं राहिलं. वर्षभरात एर्मेकनं घर विकलं आणि चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. मीरिम दर गुरुवारी न चुकता तळण करायची. शेजारीण जिन्यातून ओरडायची, आमचे पडदे वास मारतात. तरी करायची. नवरा रस्त्यावर, मग दुवाही तीच म्हणायची. फक्त नावाशी आली की अडायची. सासूचं नाव कसं घ्यायचं? "आमच्या थोरल्यांना पोचो," एवढंच म्हणायची.

"म्हणजे पत्ता न घालता पार्सल," दीर म्हणाले.

सासरे हसले नाहीत.

गेल्या वर्षीचा नोव्हेंबर, महिन्यातला शेवटचा गुरुवार. दुपारी बर्फ पडून थांबलेलं. एर्मेक घरी होता. त्यानं सासऱ्यांना फोन केला, म्हणाला काका, आम्हाला जरा सोडा, आज बाहेर जेवतोय. कुठे, तर त्याच्याच जुन्या घरी. तिथं नवं रेस्टॉरंट उघडलं होतं. दारावर नुसता निळ्या दिव्यांचा पक्षी, नाव नाही. आज तळण राहिलं, असं गाडीत मीरिम एकदा म्हणाली. एर्मेक म्हणाला, एक गुरुवार काय होतंय? पोरगा, बेकतुर, नुकता पावलं टाकायला लागलेला. तो खिडकीच्या काचेवर हात आपटत होता.

एर्मेकनं सासऱ्यांनाही आत ओढलं. चहा तरी घ्या म्हणाला.

आतलं काही ओळखू येत नव्हतं. भिंती पाडून एकच मोठी खोली केलेली. जिथं चूल होती, बरोबर तिथं काळ्या दगडाचा बार, खालून उजेड सोडलेल्या बाटल्या, उंच स्टुलं. मालकीण हौशी. तिनं स्वयंपाकघरसुद्धा दाखवलं. सगळं विजेवर, भांडी आरशासारखी. इथं धुराचं नाव नाही, म्हणाली. एर्मेक मेन्यू वाचून हसत सुटला. म्हणाला, जिथं आमच्या मेंढ्या बांधायचो तिथं बसून आता लोक सुशी खाणार.

जेवण आलं. चांगलं होतं म्हणे. टोपीएवढ्या वाडग्यात चार घास, पण चांगलं. मग मीरिमनं चमचा खाली ठेवला. बोरसोकचा वास येतोय, म्हणाली. वाढणाऱ्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, आम्ही ते करत नाही.

वास सासऱ्यांनाही आला.

बेकतुर उंच खुर्चीत बसला होता. बारकडे बघून हसत होता. दोन्ही हात पुढे केलेले. कुणी घ्यावं म्हणून पोरं करतात तसे.

त्याचा एक बूट खाली पडला. मीरिम वाकली. बूट उचलला. वर पाहिलं.

खुर्ची रिकामी.

आधी कुणीच घाबरलं नाही. टेबलाखाली पाहिलं. शेजारच्या टेबलाखाली. एर्मेक हसतच उठला, गेला असेल इकडेच. मग त्याचं हसू थांबलं. दाराला घंटी होती, उघडलं की वाजायची. ती वाजली नव्हती. स्वयंपाकघर पाहिलं. संडास. कोठी. मागचं अंगण पाहिलं... ताजं बर्फ. एकही पाऊल नाही.

गाणं बंद केलं कुणीतरी. लोक जेवण सोडून उभे राहिले. एर्मेक रस्त्यावर धावला. त्याच्या हाका आत ऐकू येत होत्या. लांब जात होत्या. मीरिम गुडघ्यांवर. टेबलामागून टेबल. हातात तो बूट. बारवाल्या पोराला तिनं तीनदा विचारलं. तो तीनदा म्हणाला, ताई, मी इथंच उभा आहे, इथं कुणी नाही. खाली वाकून दाखवलं त्यानं. खोकी होती. आणि फरशी.

वास वाढतच होता. गरम. जवळचा.

मीरिम उभी राहिली. बारच्या समोर. चुलीच्या समोर. तिच्या लक्षात आलं होतं, सासरे म्हणाले. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग तिनं वळून सासऱ्यांकडे पाहिलं. तिथं थोरले असे तेच होते. ती परवानगी मागत होती.

इथं सासऱ्यांनी ताटातला बोरसोक उचलला आणि परत ठेवला. मेणबत्ती तडतडली.

"मी मान हलवली," ते म्हणाले.

"बुरुल," मीरिम म्हणाली.

सगळ्यांसमोर. सून. सासूचं नाव. मागे कुणीतरी म्हातारी श्वास ओढून थांबली.

"बुरुल. माझं चुकलं. इतके गुरुवार तुम्हाला उपाशी ठेवलं मी. लाज वाटायची हो मला... आता दर गुरुवारी तुमच्याच नावाचं. बुरुलच्या नावाचं. एवढं एक पोर आहे मला. द्या."

काही नाही.

काहीच नाही.

मग... बारच्या मागून... लहान मुलाची उचकी.

बारवाल्यानं आपल्या पायांकडे पाहिलं. तो बाजूला झाला नाही. त्याला होता आलं नाही. सासऱ्यांनीच त्याला दंडाला धरून ओढलं. बेकतुर त्याच्या बुटांपाशी बसला होता. भिंतीकडे तोंड करून, दोन्ही तळहात पुढे. शेकत असल्यासारखे. सासऱ्यांनी भिंतीला हात लावला. गार होती.

मीरिमनं पोराला उचललं ते घरी पोचेपर्यंत सोडलं नाही. एर्मेकनं आपली लोकरी टोपी त्याच्या डोक्यावर पार डोळ्यांपर्यंत ओढली आणि सगळे गाडीत बसले.

"असेल रांगत गेलेलं," नणंद हळूच म्हणाली. "अंधार असतो बारच्या मागे."

"असेल," सासरे म्हणाले.

मी पण तेच म्हणणार होते. पोरं क्षणात कुठे जातात हे मला कुणी सांगायला नको. पण माझा हात लेकीच्या पायावर इतका घट्ट होता की ती कुरकुरली.

गल्लीच्या तोंडाशी पोराला घाम फुटला म्हणून मीरिमनं टोपी काढली. काढली आणि तशीच राहिली. सासऱ्यांनी गाडी कडेला घेतली, आतला दिवा लावला. एर्मेकनं ओला कागद काढून पोराचं कपाळ पुसलं. जोरात पुसलं. कागद पांढराच राहिला. तो पुन्हा पुसायला गेला तेव्हा मीरिमनं त्याचा हात धरला. म्हणाली, राहू दे.

"काय होतं?" दिरांनी विचारलं.

सासऱ्यांनी आपला अंगठा मेणबत्तीच्या उजेडात धरला. दुसऱ्या हाताच्या बोटानं त्याचं टोक झाकलं.

"काजळी," ते म्हणाले. "एवढीच."