रिकाम्या कोपऱ्यातली घंटा

जरा जवळ सरका पोरांनो, ही मोठ्यानं सांगायची गोष्ट नाही. माझ्या भाच्यावर गुदरलेली आहे. मी अडाणी माणूस, त्यानं सांगितली तशी सांगतो.

गेल्या थंडीतली गुरुवारची रात्र. भाचा दवाखान्यात गेला होता, खाटांजवळच्या घंटांचा नवा प्रोग्राम बसवायला. जुन्या घंटा संध्याकाळीच काढलेल्या. आणि त्याच वॉर्डात त्याची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, दम्यानं बेजार. दम कोंडला की तिच्या तोंडून हाकसुद्धा निघत नसे. घंटा हवीच.

त्या प्रोग्रामात एक नियम असतो, त्याला प्रोटोकॉल म्हणतात. ज्या कशाला बोलावता येतं आणि आपली खाट सांगता येते, ती घंटा समजायची. कुठून आली, कुणाची कोण, काही विचारायचं नाही. घंटा ठेवायला एक पेटी, तिचं नाव जेनेरिक. घालाल तेच बाहेर येणार. आणि वर एक तपासनीस, तोही माणूस नव्हे, प्रोग्रामच. प्रोग्राम चालायच्या आधीच, नुसता वाचून खोट काढणारा. खाष्ट सासूच म्हणा की.

तो एकाच ओळीवर अडून बसला. या पेटीतून काय निघेल ते कळत नाही, म्हणे. भाच्यानं ओळ फिरवून फिरवून लिहिली. तेच रडगाणं. डोकं पिकलं त्याचं. शेवटी वैतागून त्यानं तिथं ‘एनी’ लिहिलं, म्हणजे काहीही चालेल. तपासनीस गप्प. घंटा सुरू.

थोड्या वेळानं सिस्टर आली.

"दादा, कोपऱ्यातली खाट बोलावतेय."

कोपऱ्यात खाटच नव्हती...

भाच्यानं ‘एनी’ खोडलं. तपासनीसाला पुन्हा वाचायला लावलं. पेटीत काय आहे, विचारलं.

मघाशी अडून बसलेल्या त्यानंच आता उत्तर दिलं, घंटा. चूक एकही नाही.

प्रोग्राम बंद करावा, तर आईची घंटा मुकी. चालू ठेवावा, तर ते जे काही होतं, ते आतच राहणार.

चालू ठेवला. आईच्या उशाशी बसला. ती डोळे मिटूनच पुटपुटली, "अरे, मघापासून बोलावतोय बिचारा. जा ना कुणीतरी."

कुणी उठलं नाही.

घंटा वाजत राहिली... वाजत राहिली...

उजाडताना थांबली. आईचा श्वास संथ चालला होता. तेव्हा कुठे भाचा कोपऱ्यात गेला, वाकला, फरशीला हात लावला. सगळीकडे बर्फासारखी गार. आणि मधेच, माणसाच्या लांबीएवढी...

ऊबदार. आत्ताच कुणी उठून गेलेल्या अंथरुणासारखी.