दहा मिनिटं पुढं

बस गं, सांगते. पण आधी एक ऐक. त्या व्हीसीआरचं घड्याळ मी लावलं होतं, एकटीनं. नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत कुणाच्या बापाला जमलं नव्हतं!

सत्त्याण्णव साल. हे इथल्या नोटांच्या प्रेसात छपाईला होते; ते गेले त्याला वर्ष होत आलेलं. त्यांच्या जागी मला प्रेसच्या कॅन्टीनला घेतलं होतं. आमची उज्वला खो-खोची कॅप्टन, तिची मुलाखत दुपारी टीव्हीवर लागणार होती. एकदाच. मला रजा मिळाली नाही. मग व्हीसीआरवर आपोआप रेकॉर्ड व्हायचं, तर आधी त्याचं घड्याळ लागायला हवं. आणल्या दिवसापासून ते नुसतं बारा वाजवून लुकलुकायचं. ह्यांनीसुद्धा हात टेकले होते.

द्वारका चौकातला टीव्हीवाला दुकानदार म्हणाला, "कुसाबाई, तुमच्यानं नाय व्हायचं ते. आणि लाईट गेली ना, की सगळं पुसलं. पुन्हा पहिल्यापासून."

पुस्तक सगळं इंग्रजीत. एक बटण दाबावं तर पडदा निळा, दुसरं दाबावं तर आकडे पळतात. माणसांसाठी केलंय मेलं, का मांत्रिकांसाठी! पण मीही हट्टी. संध्याकाळपर्यंत लावलंच. प्रेसच्या भोंग्याला मिळवून, बरोब्बर. ह्यांच्यासारखं दहा मिनिटं पुढं नाही. भोंगा झाला की गेट बंद, म्हणून हे घरातलं प्रत्येक घड्याळ पुढं ठेवायचे. ते गेल्यावर मीच ती सगळी मागं आणली होती.

सकाळी कॅसेट घालून मुलाखतीची वेळ लावली, दाराला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली.

ड्युटी संपवून आले तर जिन्यात शेजारची गोजराबाई. "लाईट नव्हती गं सकाळपासून. जेवणं झाल्यावर आली."

पोरीला काय तोंड दाखवू?

कुलूप काढलं. आत... शाईचा वास. वाटलं, माझ्याच लुगड्याला असेल. पण मी कॅन्टीनला गं, मला कुठली शाई?

घड्याळ लुकलुकत नव्हतं.

कॅसेट मागं घेऊन लावली. आधी शेतीच्या कार्यक्रमाचा शेवट, कारण रेकॉर्डिंग वेळेआधीच सुरू झालेलं. आणि मग माझी उज्वला! "आई-बापू होते म्हणून खेळले," म्हणाली. ऊर असा भरून आला, काय सांगू! रडले बघ.

डोळे पुसले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. मग व्हीसीआरकडं. त्याचं घड्याळ दहा मिनिटं पुढं होतं.

"आलात...?" एवढंच निघालं तोंडातून.

त्या व्हीसीआरला भंगारात देऊन वर्षं झाली. परवा उज्वलानं मला मोबाइल आणला. खोकं फोडून पहिल्यांदाच चालू केला आणि म्हणाली, "आई, घड्याळ तूच लाव. तो मान तुझाच."

मी चष्मा लावून पाहिलं. वेळ आधीच लागलेली होती. भिंतीवरच्यापेक्षा दहा मिनिटं पुढं.