दोन बादल्या पाणी

रविवारी दुपारी अण्णांनी खिडकीवर घोंगडी टांगली, भिंतीला धुतलेली चादर लावली आणि सिनेमाचं यंत्र हाताने फिरवायला घेतलं. फ्रेंच मूकपट होता. मुंबईतल्या एका बंद पडलेल्या थिएटरातून अण्णांनी तो वाचवून अंबरनाथला आणला होता.

पडद्यावरच्या बाईचा चेहरा हळूहळू विरघळला.

"बघ बकुळा, तिचे डोळे भरलेत, म्हणून आपल्याला धूसर दिसतंय. माणसाला आतून कसं दिसतं, ते दाखवायची ही माणसं."

"पट्टी जुनी झालीय, अण्णा," त्यांची शिक्षिका मुलगी बकुळा वह्या तपासता तपासता म्हणाली. त्यांचा चेहरा उतरलेला पाहून तिने जोडलं, "उद्या शाळेतून चारला येते. नीट बघू."

अण्णा खुलले. फिल्म डब्यांत ठेवत म्हणाले, "हिला जपावं लागतं. एकदा पेटली की पाण्यातही जळत राहते."

सोमवारी साडेचारला त्या खोलीला आग लागली. अण्णा धुरात गुदमरून गेले.

मागच्या खोलीत राहणारे त्यांचे चुलतभाऊ हरिचंद्र, विडीने फिल्म पेटली, असं साऱ्या आळीला सांगत सुटले. अण्णांनी आयुष्यात विडी ओढली नव्हती. तेराव्यानंतर बकुळाने खाजगी तपासनीस श्यामकांतांना बोलावलं. सोबत त्यांचा मित्र मधू होता.

"मी धावलो, दोन बादल्या मारल्या, विझली," हरिचंद्र म्हणाले. "अण्णा आत असेल असं वाटलंच नाही. चारला तो पालेगावकडे फिरायला जायचाच."

खोलीत गादी अर्धी जळली होती, खिडकीवरच्या घोंगडीची खालची कड करपली होती. फिल्मचे पाचही डबे झाकण लावलेले, आतून लख्ख.

"नशीब, दोन बादल्यांत भागलं," मधू म्हणाला.

भांडी घासणाऱ्या ठमाबाईच्या हातात पिवळसर, पारदर्शक बांगड्या होत्या.

"नव्या दिसतात," श्यामकांत म्हणाले.

"हरिभाऊंनी दिल्या. उल्हासनगरच्या कारखान्यातल्या हायेत. काचंवानी फुटत न्हाईत, बगा."

दुसऱ्या दिवशी उल्हासनगरला जाऊन आल्यावर श्यामकांतांनी सगळ्यांना ओटीवर बसवलं.

"अशी फिल्म पाण्याने विझत नाही. इथली आग दोन बादल्यांत विझली."

"म्हणजे फिल्म जळलीच नाही?" मधू चमकला.

"खोलीत नव्हतीच. जळली असती तर डबे काळे पडले असते. ती रविवारी रात्रीच डब्यांतून निघाली आणि सोमवारी सकाळी बांगड्यांच्या कारखान्यात पोचली. तिथे जुन्या फिल्मवरची चित्रं गरम पाण्यात धुऊन काढतात आणि उरलेल्या कचकड्याच्या बांगड्या करतात. विकणाऱ्याला मालकाने चार बांगड्या वर दिल्या. तुम्हाला तो ओळखतो, हरिचंद्र."

हरिचंद्रांची मान खाली गेली.

"चोरी झाकायला गादीपुरती आग हवी होती. तुम्ही खिडकीतून घोंगडीखालून पेटता बोळा टाकला. घोंगडीमुळे आतलं दिसलं नाही."

"घर रिकामं आहे असं वाटलं रे... देवाशप्पथ!"

"ते खरं बोलताहेत," श्यामकांत म्हणाले. "एवढं एकच कोडं मला सुटलं नाही. रोज चारला बाहेर पडणारा माणूस त्या दिवशी अंधार करून घरात का बसला?"

ठमाबाईने बांगड्या काढून जमिनीवर ठेवल्या होत्या. बकुळाने त्यातली एक उचलली, उजेडाकडे धरली. आरपार दिसत होतं. चेहऱ्याचा मागमूस नव्हता.

"माझ्यासाठी," ती म्हणाली. "मीच चारला येते म्हणाले होते. सहापर्यंत शाळेतच बसले. काम काही नव्हतं."

मग जळक्या खोलीच्या दाराकडे वळून ती मोठ्याने म्हणाली,

"अण्णा, पट्टी जुनी नव्हती. तिचे डोळे भरलेले मला दिसले होते."