दोनदा दिलेला डिपर

चाक काढायचं, पंक्चर शोधायचं, परत बसवायचं, म्हणजे अर्धा तास गेलाच म्हणून समजा. बसा त्या बाकावर. मघाशी हसत होतात ना तुम्ही, की कॅमेरा यायच्या आधी मोबाइल टुंग वाजतो, मग ब्रेक, आणि कॅमेरा मागे पडला की परत पाय खाली? आमच्याकडे टुंग नव्हतं. आमच्याकडे डिपर होता. समोरून येणाऱ्याने दोनदा दिवे वरखाली केले की समजायचं, पुढे कॅमेरा आहे, हळू. ओळख ना पाळख, पण प्रत्येक ड्रायव्हर दुसऱ्याला सांगायचाच. तेवढीच आमची माणुसकी.

ती माणुसकी कशी अंगाशी आली ते सांगतो. ऐकीव नाही, माझ्या माणसाच्या बाबतीत घडलेलं आहे.

माझा एक दोस्त टॅक्सी चालवायचा. नाव चांगलं होतं, पण सगळा स्टँड त्याला पन्नास म्हणायचा. कारण बायपासच्या कॅमेऱ्यासमोरून हा गृहस्थ कधी एकावन्नने गेला नाही. काटा बरोबर पन्नासवर. आणि खांब मागे पडला की नव्वद. मी त्याला म्हणायचो, तू कॅमेऱ्यापुढे गाय आणि कॅमेऱ्यामागे वाघ. तो म्हणायचा, कॅमेऱ्याला काय पाठीला डोळे असतात?

मी तेव्हा रात्री दुधाचा टेम्पो न्यायचो. पुढे डोळ्यांना कमी दिसायला लागलं, टेम्पो भंगारात दिला आणि या दुकानात येऊन बसलो. त्यानंतर चार महिन्यांनी, जानेवारीत, पन्नास स्टेपनीत हवा भरायला आला. चेहरा उतरलेला. हवा भरून झाली तरी जाईना. शेवटी खिशातून नोटीस काढली. बायपासचा कॅमेरा, रात्री दोन वाजून सतरा मिनिटं, वेग अठ्ठ्याऐंशी. सोबत गाडीचा समोरून घेतलेला फोटो. गाडी त्याची, नंबर त्याचा. आत काचेवर चकाकी, ड्रायव्हर दिसत नव्हता.

त्या रात्री मी घरी झोपलो होतो, म्हणाला. गाडी दारात होती.

तिसरी नोटीस आली की लायसन्स वर्षभर जमा होतं. टॅक्सीवाल्याचं लायसन्स जमा म्हणजे घरातली चूलच जमा. मी विचारलं, किल्ली आणखी कोणाच्या हाताला लागते? तो नोटिशीची परत घडी घालायला लागला आणि मला कळलं. बहिणीचा मुलगा त्याच्याकडे राहायचा. पोरगा गाडी शिकत होता, मामाच्या घासातला घास खात होता. कुंपणानेच शेत खाल्लं तर सांगायचं कोणाला?

झालं. संशयाचं भूत मानगुटीवर बसलं. किल्ली उशाखाली आली. रोज रात्री हा पठ्ठ्या चारही टायरवर खडूने रेघ मारायचा आणि तीच रेघ खाली फरशीवर ओढायचा. गाडी बोटभर हलली तरी सकाळी रेघ जुळली नसती. सकाळी उठून वाकून बघायचा. भाचा समोर चूळ भरत उभा असायचा, त्याला बिचाऱ्याला पत्ताच नाही. वहिनींनी खडू पाहिला तेव्हा त्या म्हणाल्या, या वयात लंगडी खेळताय का?

रेघा रोज जुळत होत्या. आणि फेब्रुवारीत दुसरी नोटीस आली. दोन सतरा. अठ्ठ्याऐंशी.

त्याने ती भाच्याच्या तोंडावर फेकली. पोरगा आधी रडला. मग डोळे पुसून त्याने फोटो दिव्याखाली धरला आणि बराच वेळ बघत राहिला. मग जे बोलला ते वहिनींनी मला शब्दाला शब्द सांगितलं.

"मामा, यात डाव्या दिव्याची काच फुटलेली आहे. आपली काच तर तुम्ही मागच्या वर्षी नवी बसवलीत. आणि मागे पुलाचा पांढरा कठडा दिसतोय. तो पूल कॅमेऱ्याच्या पाठीमागे येतो, दोनशे पावलांवर. कॅमेऱ्याला मागचं कसं दिसेल?"

पन्नासने त्याच्या कानाखाली वाजवली. त्याच रात्री पिशवी भरायला लावून त्याला घराबाहेर काढलं. खरं बोलणाऱ्याला असं कोणी काढतं का? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. पण हे मी आता म्हणतोय. तेव्हा मीही गप्पच बसलो.

मग त्याने स्वतःचीच समजूत घातली. कोणीतरी डुप्लिकेट नंबर लावून तसलीच गाडी फिरवतंय. तिसरी नोटीस यायच्या आत त्याला रंगेहाथ धरायचं.

मार्चची सहा तारीख. गुरुवार. घरून निघाला तेव्हा एक चाळीस झाले होते. कॅमेऱ्याखालून गेला तो सवयीने पन्नासनेच. पुलाजवळ गाडी कडेला घेतली. दिवे बंद. इंजिन बंद. काच दोन बोटं खाली. आरशात कॅमेऱ्याचा खांब दिसत होता.

दोन वाजले. एक ट्रक गेला. मग काहीच नाही.

दोन दहा.

दोन पंधरा. त्याला वाटलं, आपण मूर्ख आहोत, घरी जावं. किल्लीला हात लावला...

आरशात लख्खकन उजेड पडला. कॅमेऱ्याने फोटो काढला होता. कोणाचा? रस्ता रिकामा होता. आवाज नव्हता.

मग समोरून दोन दिवे आले. लांबून. संथ. टेम्पोचे असावेत, उंच होते. पण इंजिनाचा आवाज नाही.

दिवे वरखाली झाले.

एकदा.

परत एकदा.

उभ्या गाडीत त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. आणि त्याला आठवलं... हा डिपर आपण आधी पाहिलाय. इथेच.

दिवे विझले. कोणतंही वाहन आलं नाही. गेलंही नाही.

मग आवाज यायला लागला. खर्र... खर्र... तुटलेली चेन रस्त्यावरून घासत जावी तसा. कोणीतरी सायकल हातात धरून चालत होतं. गाडीच्या पुढे. डाव्या बाजूला. अगदी जवळ.

खर्र...

थांबला.

पन्नासने दिव्याचं बटण दाबलं.

उजवा दिवा लागला. डावा लागला नाही. उजेडात रस्ता होता, कठडा होता. माणूस नव्हता.

पहाटे पाच वाजता तो या दुकानाच्या दारात होता. आत यायला तयार नाही. मला हाताला धरून गाडीपुढे नेलं. डाव्या दिव्याची नवी काच फुटली होती. आरपार.

तिथेच, गटाराच्या कडेला बसून त्याने सगळं सांगितलं. वर्षापूर्वीची गोष्ट. असाच रात्री परतत होता. कॅमेरा पन्नासने ओलांडला, पाय खाली दाबला. समोरून कोणीतरी दोनदा डिपर दिला. हा हसला. म्हणाला, येड्या, कॅमेरा तर मागे गेला की. वेग कमी केला नाही. मग डावीकडे काहीतरी आदळलं. घरी सांगितलं, कुत्रं आडवं आलं. दुसऱ्याच दिवशी काच बदलली.

कुत्रं नव्हतं. बेकरीतला भट्टीवाला होता, पहाटेच्या पाळीला निघालेला. सायकलची चेन तुटली म्हणून ती हातात धरून चालला होता. उजाडल्यावर नाल्यात सापडला. डॉक्टर म्हणाले, आदळल्यावर तासभर तरी जिवंत असावा. त्याची बायको महिनाभर त्या कॅमेऱ्याच्या खांबापाशी येऊन उभी राहायची. याने तरी पाहिलं असेल, म्हणायची.

पन्नास त्याच दिवशी पोलिसांकडे गेला. जाण्याआधी भाच्याच्या पाया पडला. मामा भाच्याच्या पाया पडलेला मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. लायसन्स गेलं, तोही आत गेला. टॅक्सी आता भाचा चालवतो, सगळीकडे चाळीसने, कॅमेरा असो की नसो.

पोलिसांना त्याने डिपरचंही सांगितलं. म्हणाला, समोरच्याने नक्की पाहिलं असेल, त्याला शोधा. त्यांनी विचारपूस केली. इथेही आले होते. मी म्हटलं, मला काही ठाऊक नाही.

...

असे बघू नका माझ्याकडे. हो. तो टेम्पो माझा होता.

मी त्या माणसाला पाहिलं होतं. दिवा नाही, अंगात काळा स्वेटर. समोरून गाडी सुसाट येत होती. मी दोनदा डिपर दिला. माणूस आहे, सांभाळ, एवढंच मला म्हणायचं होतं. पण तोवर आम्ही सगळ्यांनी मिळून डिपरला एकच अर्थ ठेवला होता. मी आरशात पाहिलं. ब्रेकचे लाल दिवे लागले नाहीत. धप्पकन आवाज आला, तो मी ऐकला. दूध नासलं असतं, डेअरीचा मालक ओरडला असता... मी थांबलो नाही. तो तासभर जिवंत होता, आणि मी थांबलो नाही. कोणाची गाडी होती हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पहाटे गटाराकडेला तो सांगत होता, तेव्हा कळलं. तेव्हाही मी तोंड उघडलं नाही.

पन्नास आत गेल्यावर आठ दिवसांनी पोस्टमन माझ्या नावाने एक पाकीट देऊन गेला. तेव्हापासून खिशात घेऊन फिरतोय. ट्रॅफिकच्या ऑफिसात दाखवलं, ते म्हणाले, आमच्याकडे याची नोंदच नाही.

धरा जरा मोबाइलचा उजेड. हा माझा टेम्पो, भंगारात ज्याचे कधीच तुकडे झाले तो. दोन्ही दिवे वर. हा कठडा. तारीख मार्चची सहा, वेळ दोन सतरा. वेग अठ्ठेचाळीस, म्हणजे मर्यादेच्या आतच. आणि इथे, गुन्ह्याच्या रकान्यात, नीट बघा...

काहीच लिहिलेलं नाही. खाली शिक्का मात्र मारलाय.