चौथा शब्द

महाडच्या दवाखान्यात डॉक्टर मासूमा दर महिन्याला सयाजीची स्मरणशक्ती तपासत. तीन शब्द सांगायचे, मग तळव्याला कापूस लावून, गुडघ्यावर हातोडी हलकेच ठोकून इकडचे-तिकडचे विचारायचे आणि थोड्या वेळाने ते शब्द परत मागायचे. एचआयव्ही मेंदूतही घर करतो. माणूस वाट विसरतो, घास हातात धरून बसून राहतो. औषधे सुरू झाली की पुष्कळांचे हरवलेले भान हळूहळू परत येते. पोलादपूरच्या वर, सयाजीच्या वाडीत, मात्र याहून प्राचीन शास्त्र चालत होते: विसरणाऱ्याला वेडा ठरवावे, आणि वेड्याला गोठ्यात बांधावे. थोरला भाऊ महिपती या शास्त्रातला अधिकारी पुरुष. आजार आला कुठून, हा प्रश्न साऱ्या भावकीने चवीने चघळला. रोग्याला न्यायचे कुठे, हा प्रश्न एकट्या राजश्रीला, सयाजीच्या बायकोला, पडला. दावे कापून तिने त्याला खाली आणले आणि बिरवाडीत खोली घेतली; डॉक्टरांनी परवानगी दिली की तिथल्या कारखान्यात त्याला काम लागणार होते.

सुरुवातीला सयाजीला एकही शब्द आठवत नसे. पावसाळा सरता सरता त्याने तिन्ही सांगितले.

“सुपारी, छत्री, होडी.” मग जरा थांबून, “पेज.”

“एक वरकड,” डॉक्टर हसल्या.

पुढच्या खेपेला लिंबू, खिडकी, बैल. आणि “तहान.”

या वेळी त्या हसल्या नाहीत. “चौथा मी कधी सांगितला?”

“तुमी नाय. तुमच्या मागं उभ्या हायत, त्या. हळू बोलतात.”

डॉक्टरांच्या मागे औषधांचे कपाट होते, आणि कपाटामागे भिंत.

“राजश्रीताई, असं ऐकू येत असेल तर यांना कारखान्यात यंत्रावर उभं करायची परवानगी मी कशी देऊ?”

बातमी वाडीत पोचली. महिपतीने फोनवर मायेने हिशेब मांडला. “काम नाय तर खोली नाय. गोठा हाय की आपला. पुढच्या तपासणीला मीच येतो न्यायला.”

“तीनच सांगा हां,” राजश्रीने नवऱ्याला बजावले. “चौथा गिळून टाका.”

“गोळीसारखा?” सयाजी म्हणाला.

तपासणीच्या दिवशी महिपती इस्त्रीचा सदरा घालून दवाखान्यात आला. “गोळी झोपतानाच घे रे,” तो भावाला म्हणाला. “सुरवातीला वंगाळ सपनं पडतात. मग बसतं सगळं.”

राजश्रीने मान वळवून त्याच्याकडे पाहिले. हे ज्याने गोळी गिळली आहे त्यालाच ठाऊक असते. महिपतीची बायको प्रयागबाई त्याच गोठ्यात मेली होती. साप चावला, असे सांगत. प्रेत मात्र कुणाला पाहू दिले नव्हते. म्हणजे औषध होते. वाडीत होते. घरात होते. फक्त गोठ्यापर्यंत गेले नव्हते.

“चाफा, चमचा, डोंगर,” डॉक्टर म्हणाल्या.

कापूस. हातोडी. मग प्रश्न.

“चाफा. चमचा. डोंगर.” सयाजीने ओठ मिटून घेतले.

डॉक्टरांनी पेन उचलले.

“प्रयाग,” महिपती म्हणाला.

त्याला कोणी विचारले नव्हते. तो कपाटाकडे पाहत होता.

डॉक्टरांनी परवानगीवर सही केली. राजश्री दारापर्यंत आली, तरी महिपती उठला नव्हता.

“भावजी येतायत ना?” तिने विचारले.

“दादा नाय येणार आता,” सयाजी शांतपणे म्हणाला. “वहिनीनं हात धरलाय त्याचा.”

तिने वळून पाहिले. महिपतीचा उजवा हात शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर उताणा पडला होता, आणि बोटांची टोके एकेक करून पांढरी पडत होती.